तिन्ही

"एकशे अडुसष्ट!" शेडच्या आतून मास्तर ओरडले.

दारातल्या टेबलाशी बसलेल्या वहिनीने लॅपटॉपवर आकडा टाकला. पडद्यावर ओळ उमटली: उजवा पाय, गुडघ्याखाली, पुरुष, चौतीस वर्षं. ओळीपुढे तीन हिरवे ठिपके.

"तिन्ही!" वहिनीने हाळी दिली.

मग हातोडा. प्लास्टरचा साचा काचेसारखा खळ्ळकन फुटत नाही. धप्प होतं, पांढरी धूळ उठते आणि संपलं. मास्तर एकदा खोकतात आणि पुढचा उचलतात. सकाळी आठपासून हेच चाललं होतं. आकडा, तिन्ही, धप्प. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, सासरे-सून पत्ते खेळतायत.

पत्ते कसले हो, मास्तरांची छत्तीस वर्षं फुटत होती. कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कारखान्यात जो कुणी आला, त्याच्या पायाचा जेवढा भाग शिल्लक असेल त्यावर मास्तरांनी ओलं प्लास्टर थापलं, त्याचा साचा काढला आणि नंबर घालून या शेडमध्ये ठेवला. पाय झिजतो, तडकतो, दर तीन-चार वर्षांनी नवा लागतो. साचा हाताशी असला की माणसाला लांबून परत परत यावं लागत नाही. असे साडेसहा हजार साचे झाले. आता शेडचं छप्पर धोक्याचं ठरलं होतं. उद्या ते उतरवणार आणि आज संध्याकाळी पाचला राडारोडा न्यायला ट्रक येणार. तीन वर्षं खपून वहिनीने एकेक साचा स्कॅन केला होता, म्हणजे त्याचा खळगा न् खळगा संगणकात उतरवला होता. त्या आकारावरून नवा पाय कोरणारं यंत्रही आलं होतं. आज फोडायचे शेवटचे दोनशे बारा.

"फोडायला माझी ना नाही," मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पण एकेकाला तू सांगायचंस. तिन्ही ठिकाणी नीट आहे म्हणून. तुझ्या तोंडून 'तिन्ही' आल्याशिवाय मी हातोडा उचलणार नाही."

वहिनीने शब्द दिला होता. आणि तो काही उगाच तोंडदेखला नव्हता. नवव्या वर्षी तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासूनचे तिचे आठही पाय मास्तरांच्या हातचे. पुढे त्यांच्या थोरल्या मुलाने मागणी घातली तेव्हा आपण एका पायावर तयार झालो, असं ती सांगायची. हा विनोद फक्त तिने करायचा. दुसऱ्या कुणी केला तर त्याची खैर नसे. तिचा पहिला साचा, नऊ वर्षांच्या पोरीचा, मुठीएवढा, शेवटच्या फळीच्या अगदी टोकाला होता. दोनशे बारावा.

आता ही 'तिन्ही' कोण, ते सांगायला हवं. आवाराच्या पलीकडे पूर्वी रंगाचे डबे ठेवायची एक खोली होती. तिथे एसी बसवून वहिनीने तीन सर्व्हर उभे केले होते. प्रत्येक साचा तिघींकडेही ठेवलेला. एक मेली तरी दोघी आहेत. तिघींपैकी दोघींचं एकमत असेल तरच कारभार चालायचा, असा त्यांचा नियम. नावं वहिनीनेच ठेवली: थोरली, मधली आणि धाकटी. त्यावरून घरात कमी गोंधळ झाले नाहीत. "धाकटी तापलीये" असं वहिनीचं फोनवरचं बोलणं ऐकून मास्तर एकदा नातीचं थर्मामीटर घेऊन धावत आले होते.

त्याआधी हे सगळं भाड्याच्या क्लाउडवर असायचं, एका मोठ्या कंपनीकडे. छान चाललं होतं. एके सकाळी कुठल्याशा कागदावर कारखान्याचं नाव आणि पत्ता जुळेना, म्हणून त्यांनी खातं बंद करून टाकलं. अडीच दिवस! बाहेर बाकावर तेवीस माणसं बसलेली, कुणी कुबड्या घेऊन, कुणी आईच्या कडेवर, आणि यंत्राला लागणारे त्यांचे आकार कुलपाआड. मदतीच्या नंबरावर माणूसच नव्हता, बोलणारं यंत्र होतं. वहिनीने तीनदा परिस्थिती सांगितली, तिन्ही वेळा त्याने तिला चांगल्या दिवसाच्या शुभेच्छा देऊन काखा वर केल्या. चौथ्यांदा तिने फोन आपटला आणि ठरवलं, आता आपला क्लाउड आपल्या घरात.

त्यासाठी तिने ओपन सोर्स प्लॅटफॉर्म निवडला. म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, सुधारावा, आपल्या मशीनवर चढवावा. जगभरची माणसं तो मिळून लिहितात. दीर, म्हणजे मास्तरांचा मधला मुलगा, कारखान्याचा कारभार बघायचा. त्याने तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"वहिनी, ज्याला मालक नाही, ते उद्या मोडलं तर जबाबदार कोण?"

"मी," वहिनी म्हणाली होती.

एक अक्षर. तोंडातून गेलं ते गेलं.

तर, एकशे एकाहत्तरावा साचा फुटला आणि बाराच्या सुमाराला पुढचा आकडा आला, तेव्हा पडद्यावर ठिपके दोनच उमटले.

वहिनी उठून खोलीत जाऊन आली. मधलीने मान टाकली होती. आतलं मुख्य सर्किटच जळलं होतं, वास येत होता.  अशा वेळेसाठीच परवा चौथं मशीन आणून ठेवलं होतं. अजून नाव नाही, चिठ्ठी नाही, आत काही नाही, कोरी पाटी. तिने मधलीची जागा त्या नवीला दिली, उरलेल्या दोघी तिच्यात सगळं उतरवायला लागल्या, आणि ती शेडकडे परतली.

"दोन्ही," तिने मास्तरांना सांगितलं.

"दोन्ही म्हणजे?"

"मधली गेली, बाबा. नवी भरतेय तिच्या जागी. साडेचारपर्यंत तिन्ही होतील."

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला, उपडी बादली ओढली आणि तिच्यावर बसले. "मग साडेचारपर्यंत मी बसतो," ते म्हणाले. एकेचाळीस साचे फळीवर तसेच राहिले.

तीन वाजले. नवी सत्तर टक्के भरली होती. उकाडा असा की शेडच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. वहिनीच्या नव्या पायाची खोबण सकाळपासून टोचत होती, म्हणून तिने पाय काढून टेबलाखाली ठेवला होता आणि वर नुसता मोजा होता. तेवढ्यात लॅपटॉपवर लाल पट्टी आली. धाकटीचा पंखा बंद. ताप भराभर चढतोय.

वहिनीने झटकन हिशोब केला. धाकटीला लगेच बंद केलं तर ती वाचेल. थोरली आणि नवी, दोघींचं एकमत होईल, कारभार चालू राहील. मेलेल्या मधलीचा पंखा काढून धाकटीला लावू, अर्ध्या तासात ती परत उठेल. अगदी सरळ काम. पण पाय चढवून, पट्टे आवळून तिथवर पोचायला पाच मिनिटं जाणार. दीर खोलीपाशीच होता. तिने फोन लावला.

"भाऊजी, धाकटीला झोपवा. आत्ताच्या आत्ता. बटण दाबून धरा, विचारत बसू नका."

"धाकटीला ना? बरं," दीर म्हणाला. दहा सेकंदांनी म्हणाला, "झोपली."

वहिनीने श्वास सोडला आणि पाय ओढून घेतला. पट्टे आवळता आवळता तिची नजर पडद्यावर गेली. ताप कमी होत नव्हता. वाढत होता! ब्याऐंशी. शहाऐंशी. आणि भरणाऱ्या नवीची पट्टी सत्तरावर गोठली होती.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं.

आवार तसं चाळीस पावलांचं. वहिनी ते पळत गेली, म्हणजे तिला जमतं तसं, एक पाऊल आपलं आणि एक मास्तरांचं. खोलीच्या दारात पोचली आणि धाकटी स्वतःहून बंद पडली. पंख्याची घरघर नाही, दिवा नाही. एकटी थोरली कण्हत होती.

"कुणाला बंद केलंत तुम्ही?"

दिराने नवीकडे बोट दाखवलं. "हिला. धाकटी हीच ना?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. वहिनीला तळपाय एकच, पण आग दोघांची मिळून होती. "ही धाकटी? मागे चिठ्ठी लावलीये एवढी ठळक! धाकटी ती आहे, ती! दोन वर्षं तुम्ही तिला धाकटी म्हणताय, भाऊजी!"

"दोन वर्षं होती. पण परवा ही आली ना?" दिराचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो बोलला. "घरात नवं मूल आल्यावर आधीच्याला कोण धाकटं म्हणतं? मी आठ वर्षं धाकटा होतो, वहिनी. बहिणीचा जन्म झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे मला मधला म्हणायला लागले. मला वाटलं..." 

 आणि तो चूक नव्हता. घरात असंच असतं. मशीनला नात्याची नावं ठेवायची हौस तिची. नाती सरकतात, मशीनचे नंबर सरकत नाहीत, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण हे मान्य करायला आत्ता वेळ कुणाला होता?

तिने खोलीतला पडदा चालू केला. अर्थ साफ होता. मधली मेलेली. धाकटी तापून पडलेली. आतल्या डिस्क जिवंत आहेत की भाजल्यात, देव जाणे. नवी अर्धवट भरलेली असताना गळा दाबल्यासारखी बंद केलेली. ती उठली, पण कुणालाच ओळखेना. राहिली थोरली. तिघींतली सर्वांत जुनी, वापरलेलीच विकत घेतलेली, डिस्क सहा वर्षं चाललेल्या. आणि एकटीचं एकमत होत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिने दार लावून घेतलं होतं. पलीकडच्या दालनात पाय कोरणारं यंत्र अर्ध्यात थांबल्याचा आवाज आला.

साडेसहा हजार माणसांचे पाय. एकेचाळीस सोडून सगळे साचे फुटलेले. जगात त्यांची एकच प्रत, एका म्हाताऱ्या मशीनच्या पोटात.

 

"कंपनीला फोन करू?" दिराने विचारलं, आणि मग त्याच्याच लक्षात आलं की कंपनीच नाही.

"थोरली बंद करून चालू करू?" त्याने पुन्हा विचारलं. "सगळीकडे तेच सांगतात."

तिच्याही मनात तेच आलं होतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण ती थांबली. त्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांची एक चर्चेची जागा होती, तिथे तिने चार ओळी खरडल्या: तीनपैकी दोन गेल्या, तिसरी अडून बसलीये, दुसरी प्रत कुठेही नाही, काय करू?

पहिलं मिनिट काही नाही. दुसरं मिनिट काही नाही. दीर दारात येरझाऱ्या घालत होता, त्याच्या चपलांचा फटफट आवाज डोक्यात जात होता. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'बगळा' ठेवलं होतं. कुठल्या देशातला, बाई की बाप्या, काही पत्ता नाही. दोन वर्षांत दोनदा तिने त्याला काहीबाही विचारलं होतं, एवढीच ओळख.

"आधी हात मागे घे," बगळ्याने लिहिलं होतं. "जिवंत आहे तिला बंद करू नकोस. एवढ्या जुन्या डिस्क एकदा थांबल्या की परत फिरतीलच असं नाही."

वहिनीने बोट मागे घेतलं. 

"आता कोडमध्ये बघ," बगळ्याने पुढे लिहिलं आणि पान दिलं. वहिनीने ते उघडलं. दार का लावलं जातं, ते तिथे अक्षरशः लिहिलेलं होतं, कुणीतरी कधीतरी लिहिलेलं, खाली कारणासकट. 'दोघींचं एकमत' हा आकडा कुठे ठेवला आहे, तो एक कसा करायचा, आणि केला तर काय धोका आहे, तेही. भाड्याच्या क्लाउडमध्ये हे पान तिला जन्मात दिसलं नसतं. तिने ओळ न् ओळ दोनदा वाचली, त्यातच दीड तास गेला. मग थोरलीला सांगितलं: बाई, आता तू एकटीच आहेस, तुझं म्हणणं तेच खरं. एंटर दाबताना तिने डोळे मिटून घेतले.

थोरलीचा दिवा लाल होता. पिवळा झाला. तसाच राहिला. दीर पुटपुटायला लागला. पिवळाच. मग हिरवा.

"नवीतलं सगळं पूस," बगळा म्हणाला. "अर्धवटावर विश्वास ठेवू नकोस. पहिल्यापासून भर. हळू भर, म्हातारीला धाप लागेल असं करू नकोस."

पहिल्यापासून म्हणजे पाच तास. वहिनीने ते सुरू केलं आणि घड्याळ बघितलं. चार वाजून पन्नास मिनिटं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

फोनही वाजला. मास्तर.

"पोरी, ट्रक आलाय. ड्रायव्हर म्हणतोय, त्याला अजून दोन ठिकाणी जायचंय." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. खोलीत काय झालं त्यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. "साडेचार होऊन गेले. एकशे बहात्तर घेतलाय हातात. सांग."

वहिनीने नवीच्या पट्टीकडे बघितलं.

नवी दोन टक्के भरली होती. दीर तिच्याकडे बघत होता. त्याची नजर बोलत होती. सांगून टाका, वहिनी. थोरली टिकली तर रात्री दहापर्यंत दोन होतीलच, कुणाला कळणार आहे? चूक त्याची होती, आणि तीही झाकली गेली असती. तिची जबान राहिली असती. 'मालक नाही त्याला जबाबदार कोण' हा प्रश्न पुन्हा निघाला नसता. दोन अक्षरी शब्द. जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, सकाळपासून एकशे एकाहत्तर वेळा आला तसाच.

"पोरी? ऐकू येतंय ना?"

"येतंय," वहिनी म्हणाली. "हातोडा खाली ठेवा. मी येते तिकडे."

चाळीस पावलं ती आता हळू चालली. पट्टा घाईत तिरका आवळला गेला होता, दर पावलाला कळ येत होती. ते बरंच वाटत होतं, निदान दुसरं काही सुचत नव्हतं. ड्रायव्हर ट्रकला टेकून चहा पीत उभा होता. शेडच्या आत मास्तर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, एका हातात कुणाच्या तरी गुडघ्याचा साचा.

लग्नानंतर बारा वर्षं ती त्यांना बाबा म्हणत होती. आत्ता तोंडातून लहानपणचंच आलं.

"मास्तर, एकच आहे."

"काय एकच?"

"प्रत. एकाच ठिकाणी आहे सगळं. धाकटी पण गेली. नवी पुसावी लागली. नुसती थोरली उरलीये आणि तीही कधी..." ती भराभर बोलत होती. "मी गोंधळ केला. नावं मी ठेवली आणि मीच नीट सांगितलं नाही. भाऊजींना बोल लावू नका. मी शब्द दिला होता तुम्हाला, तो मोडला."

मागे दीर येऊन उभा राहिला होता. "बटण मी दाबलं, बाबा," तो म्हणाला.

मास्तरांनी दोघांकडे बघितलं. मग खाली, पायापाशी पडलेल्या पांढऱ्या ढिगाकडे.

"हे सकाळी फोडले ते?"

"थोरलीत आहेत. फक्त थोरलीत."

"टिकेल ती?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. रडू फुटलंच. नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा याच शेडमध्ये आली होती तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली.

 मास्तरांनी हातातला साचा फळीवर ठेवला, अगदी अंड्यासारखा हळू, आणि हात पँटला पुसले. पँटही पांढरीच होती, हात तसेच राहिले.

"छत्तीस वर्षं माझ्याकडे एकच होता," ते म्हणाले.

वहिनीला कळेना.

"प्रत्येकाचा. एकच साचा, या एका शेडात. छप्पर गळायचं तेव्हा मी प्लास्टिक घेऊन धावायचो. शेजारच्या गोदामाला आग लागली त्या दिवशी दोन वेळा उलटी झाली मला, भीतीने. कुणाला बोललो नाही. लोक म्हणायचे, मास्तरांकडे आहे म्हणजे काळजी नाही. हातोडा पडला असता तरी गेला असता एकेक." ते खोकले. "तुझ्या 'तिन्ही'ने मला दोन वर्षं झोप लागली, पोरी. आज तू थापा मारल्या असत्यास ना, तर ती गेली असती."

मग त्यांचा आवाज एकदम चढला. "आणि तुम्ही दोघं बघत काय उभे राहिलात? एकेचाळीस उरलेत, ते घरात न्या! अहो ड्रायव्हर, चहा झाला असेल तर हात लावा जरा. ढीग तेवढा भरा, फळीवरच्याला धक्का लावलात तर याद राखा!"

मग जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. एकेचाळीस पाय घरात शिरले. बैठकीत, पलंगावर, कपाटावर, स्वयंपाकाच्या ओट्यावर. वहिनीच्या मुलीने एक गुडघा उशीला लावून झोपवला आणि वर पांघरूण घातलं. ड्रायव्हर सुरुवातीला कुरकुरला, पण एका साच्यावर लहान पोराचा नंबर आणि वय वाचून गप्प झाला, आणि बाकीचे त्याने एकेक करून दोन्ही हातांनी नेले.

वहिनी खोलीत परत गेली. मधलीचा पंखा काढून धाकटीला लावला. दिराने टॉर्च धरला, आणि कुठला ते विचारल्याशिवाय एकही स्क्रू दिला नाही. साडेसहाला धाकटी चालू केली. पहिली डिस्क फिरली. दुसरी फिरली. तिसरी खडखडली, थांबली, आणि दिराने वहिनीचा हात घट्ट धरला, मग लक्षात येऊन सोडला. तिसरी फिरली.

थोरली धाप टाकत चालत राहिली. रात्री पावणेदहाला नवी भरली. बगळ्याला वहिनीने कळवलं. त्याने नुसतं एका पायावर उभ्या बगळ्याचं छोटंसं चित्र पाठवलं. तिचा पाय तसा आहे हे त्याला कुठून माहीत असणार? तरी ती खूप हसली, डोळे पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अंगणात पोतं अंथरलं आणि वहिनीने पायरीवर लॅपटॉप उघडला. खोलीत नव्या मशीनच्या अंगावर दिराने स्वतःच्या हाताने, पुढून आणि मागून, चिठ्ठ्या लावल्या होत्या. वर लिहिलं होतं: 'चौथी. हिला धाकटी म्हणू नये.'

"एकशे बहात्तर!"

"तिन्ही!"

धप्प.

पुढचे एकोणचाळीस तासाभरात झाले. शेवटचा मास्तरांनी तळहातावर घेतला. तिथे तो मावत होता.

"दोनशे बारा," ते म्हणाले. ओरडले नाहीत.

वहिनीने आकडा टाकला. डावा पाय, गुडघ्याखाली, मुलगी, नऊ वर्षं. तीन हिरवे ठिपके.

"तिन्ही," ती म्हणाली.

मास्तर तसेच बसून राहिले. हातोडा शेजारी पडलेला.

"नक्की तिन्ही?"

"हो बाबा. तिन्ही. तीनदा बघितलं."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी फुंकर मारून साच्यावरची धूळ उडवली, हातोडा न घेताच उठले आणि घराकडे चालू लागले. "मग हा चौथा. हा माझ्याकडे राहील."